वाकून निवडलेली हॅट

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं पावसाळ्यात. त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीला तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "भातकापणीला जाऊ ना?" शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, जा, पण डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नका, काठवाली टोपी घाला. पदर चालेल का, असंही तिने विचारून बघितलं. वाकलं की पदर खांद्यावर येतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

टोपीचं काम माझ्याकडे आलं. माझं माहेर पोलादपूर तालुक्यात कापड्याला, सासर महाडला, आणि साधा झाडू घ्यायचा तरी आधी मोबाइलवर वाचून घ्यायचं ही माझी खोड. वाचलं ते असं: चेहरा गोल असेल तर हॅटचा माथा उंच हवा, लांबट असेल तर माथा बुटका आणि काठ रुंद. आता आईचा चेहरा कुठल्या आकाराचा? चाळीस वर्षं ज्या तोंडाची बोलणी खाल्ली, त्याचा आकार मला सांगता येईना. म्हणून शिवणाची टेप काढून कपाळ, गाल, हनुवटी सगळं मोजलं.

"बैल घेतेस काय गो बाजारात?" आई म्हणाली. "मग दात पण बघ."

चेहरा गोल निघाला.

महाडच्या बाजारपेठेत एका दुकानात किल्ल्यावर जाणाऱ्या पर्यटकांसाठी तऱ्हेतऱ्हेच्या हॅट टांगलेल्या असतात. मी उंच माथ्याची तपकिरी हॅट काढून आईच्या डोक्यावर ठेवली. काळा चष्मा, नऊवारी आणि वर हॅट. मला तर ती झकास दिसली. "मावशी, आरशात बघा," दुकानदार म्हणाला.

आईने आरशाकडे पाठ केली आणि कमरेत वाकली. डाव्या मुठीत नसलेलं भात धरलं आणि उजव्या हाताने नसलेला विळा ओढला. दुकानदाराला वाटलं, बाईंना चक्कर आली. तो पाणी आणायला धावला. हॅट गडगडत पायरीपर्यंत गेली.

"ही नको," आई वाकूनच म्हणाली. "आरशासमोर मी असते कधी? दिवसभर अशी वाकलेली. माझं तोंड दिसतं कोणाला, तर तुझ्या काकूला. ते पण बाजूनं. तू बाजूनं बघून सांग."

काकू म्हणजे तिची जाऊ. आमची खाचरं शेजारी, आणि कापणीला दोघी जोडीने लागतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. मोबाइलवर कुणी शेजारच्या जावेचा विचार केलेला नव्हता. मी मुकाट्याने दुकानाच्या फरशीवर उकिडवी बसले आणि तिथून आईकडे बघू लागले. चार गिऱ्हाइकं जमली. त्यांनीही मतं दिली.

रुंद काठाची हॅट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. क्रिकेटच्या टोपीत ती अंपायर दिसायला लागली. मग एक मऊ सुती हॅट निघाली, हनुवटीखाली नाडी बांधायची. अंबाडा आड येत होता, तो आईने सोडून मानेवर उतरवला. वाकली, विळा ओढला, हॅट हलली नाही. आणि बाजूने बघताना मला पहिल्यांदाच कळलं की आईचं नाक फार सुरेख आहे. इतकी वर्षं मी तिच्या समोर बसून नुसती जेवले. मला स्वतःचा राग आला.

"आता एकदा आरशात बघच," मी हट्ट धरला. तिथेच चुकलं.

घरचा आरसा पारा उडालेला, टिकली लावण्यापुरता. इथे पुरुषभर उंचीचा आरसा आणि वर दोन ट्यूबलाइट. आईने काळा चष्मा काढला. बराच वेळ बघत राहिली. गालावरून बोट फिरवलं.

"एवढी म्हातारी झाले मी?" ती हळूच म्हणाली. "आणि कोण बोललं पण नाय?"

"वय झालं की होतंच की," मी म्हणाले. माझ्या अकलेचे असे तारे नेमके नको तिथे तुटतात. आईने चष्मा चढवला आणि ती दुकानाबाहेर गेली. मी हॅट घेतली. डेपोत एसटीत बसताना ती म्हणाली, "यंदा मजूर लावा. मी नाय येत कापणीला."

मी घाबरले. ऑपरेशनला न घाबरलेली बाई आपलं तोंड बघून खचली होती.

कापणीच्या दिवशी रजा काढून मी कापड्याला गेले. काकू आदल्या संध्याकाळी मुंबईहून आली होती. वर्षभर ती लेकाकडे नातू सांभाळायला होती, त्यामुळे ऑपरेशननंतर दोघींची अजून गाठ पडली नव्हती. आई स्वयंपाकघरात उगाच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली होती. अंगणातून काकूची हाक आली, "चल ना गो, ऊन चढतंय!"

"सांग तिला, डोळे दुखतात," आई मला म्हणाली.

मी काही सांगितलं नाही. हॅट तिच्या डोक्यावर बसवली, नाडी बांधली आणि खांद्यांना धरून तिला अंगणात ढकललं. ती मान खाली घालून उभी राहिली.

"अगो बाय! ही कुठली मड्डम?" काकू ओरडली.

आईने उत्तर द्यायला मान वर केली आणि थबकली. चष्मा काढला. पायरी उतरून काकूच्या अगदी जवळ गेली. कित्येक वर्षं काकू तिला धुक्यातच दिसलेली. आता तिने काकूला कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश बघून घेतलं.

"अगो, तू तर केवढी म्हातारी झालीस!"

"पोरीसमोर असं बोलतेस?" काकू भडकली. "आणि तू गो? तू काय सोळा वर्षांची हायस?"

आई हसायला लागली. इतकी हसली की हॅट मागे कलली, तिने काकूच्या खांद्याला धरलं, आणि काकूला समजेना हिला झालंय काय.

"बरं झालं गो," आई म्हणाली. "मला वाटलं, मी एकटीच."