माक्याचं बी

हुडकेश्वरला आमच्या घरासमोर रिकामा प्लॉट होता, तोवर माका कधी लावावा लागला नाही. नालीच्या ओलीवर तो आपोआप यायचा. शर्टाच्या बटणाहून लहान, पांढरी फुलं. मग प्लॉटवर घर झालं, नालीवर फरशी बसली आणि माका गेला. माझे सासरे उमरेडचे विणकर. जन्मभर डोक्याला माक्याचं तेल लावलेलं. आता खोबरेल चोळताना ते हात नाकाशी नेऊन बघायचे.

मी खाप्याला गेले तेव्हा कन्हानच्या काठावरची माक्याची वाळलेली फुलं रुमालात बांधून आणली. चोळल्यावर तिळाहून बारीक बी निघालं. कुंडीत धने पेरावेत तसं बोटभर खोल पेरलं, रोज पाणी घातलं. दीड महिना झाला, काही नाही. शेवटी कुंडी अंगणाच्या कोपऱ्यात पालथी केली.

"काहून फेकून राहिली वं?" सासऱ्यांनी विचारलं.

"बी मेलं, बाबा."

"तुले कोणी सांगतलं?"

दहा-बारा दिवसांनी कपडे वाळत घालताना त्या ढिगाकडे लक्ष गेलं. माती हिरवी झाली होती. गवत असेल म्हणून एक रोप उपटून चुरडलं, तर बोटं काळी पडत गेली. माकाच. दीड महिना ओल्या अंधारात ते बी कुजलं नव्हतं. त्याला फक्त उजेड हवा होता, आणि मी तर त्याला नीट झाकून ठेवलं होतं. कपडे बादलीतच राहिले. मी तिथेच उकिडवी बसून राहिले.

उरलेलं बी मी ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, वर कणभरही माती टाकली नाही. आठव्या दिवशी उगवलं.

फुलं आली तेव्हा सासऱ्यांनी कापडातलं सूत मोजायचं भिंग काढलं. फुलावर धरून बराच वेळ वाकून राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं. एक फूल नव्हतंच ते. आत दाटीवाटीनं कितीतरी इवली फुलं बसली होती. कडेची उमललेली, मधली अजून मिटलेली.

"मोजली?" मी विचारलं.

"दोनदा चुकलो," ते म्हणाले, "आता पाहूनच घेतो."

त्या दिवशी जेवायला आम्हाला उशीर झाला.