उत्तरेचं दार

अगं, फोन जरा कानाजवळ धर. घर बघायला जातेस आणि आधी मोबाइलवर दिशा बघतेस म्हणे? शहाणी की वेडी? माझं ऐक, मग काय त्या दिशा बघ.

मुलाला इकडे हॅमिल्टन शहराच्या ते रापा भागात नोकरी लागली तेव्हा शहराबाहेरच्या एका गावात आम्ही घर शोधत होतो. सकाळी सातला सगळं गाव गाड्या काढून हॅमिल्टनला जातं. मागे उरतात म्हातारे आणि कुत्री. तिथं एक घर होतं डच आजींचं. तरुणपणी नवऱ्याबरोबर हॉलंडहून आलेल्या, जन्मभर गायींचं केलेलं. मागच्या खोलीत इतकं ऊन, की आमचे हे जे खुर्चीत बसले ते उठेचनात. दम्याचा जुना त्रास ना त्यांना. पण मी दाराशी जाऊन बघितलं. दार दक्षिणेला!

"आई, हा दक्षिण गोलार्ध. इथे सूर्य उत्तरेकडून जातो," मुलगा म्हणाला. "दार दक्षिणेला आहे म्हणूनच मागे ऊन आहे."

"सूर्य कुठूनही जाऊ दे. यम दक्षिणेकडूनच येतो."

त्यानं डच आजींना कसंबसं समजावलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "दारात कोण राहतं? राहायचं खोलीत ना!" मी नुसती हसले.

त्याच रस्त्यावर समोरच्या बाजूचं घर घेतलं. दार उत्तरेला. तोरण बांधलं, दूध उतू घातलं. पहिल्याच हिवाळ्यात मागच्या खोल्यांच्या भिंतींवर काळी बुरशी. पुसली की आठ दिवसांत परत. यांना दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई आपल्या नागपूरच्याच. म्हणाल्या, "काकू, औषधं मी देते, पण घर बदला."

विकायला काढलंय. लोक येतात, वास घेतात, जातात.

ऊन येतं ते फक्त पुढच्या पायरीवर. हे तिथं खुर्ची टाकून बसतात, स्वेटर, शाल, वर कानटोपी. येणारा-जाणारा 'किया ओरा' म्हणतो, इथला नमस्कार तो, हे हात हलवतात. बोलायला दम पुरत नाही. परवा मला म्हणाले, "तुझ्या यमाला शोधावं लागणार नाही हं. दारातच बसलोय."

मी आत गेले आणि भिंत पुसत बसले.

तू ये गं. हिवाळा संपायची वाट बघू नकोस, लवकर ये. दुपारी तीनपर्यंत ऊन असतं पायरीवर. तुझ्यासाठी दुसरी खुर्ची टाकते.