टर्निंग बसलं पाहिजे

स्टिअरिंगच्या मागं बसूनच जगाकडे बघणारा, माझ्या चुलत सासऱ्यांसारखा दुसरा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. आयुष्यभर एस.टी. चालवून काका निवृत्त झाले खरे, पण निवृत्त झाली ती फक्त खाकी. पंगतीत वाढप्याला ते "साइड द्या" म्हणतात, बोलता बोलता विषय बदलायचा झाला की हाताने आधी इंडिकेटर दाखवतात, आणि कुणाच्या नव्या घरी गेले की फरशी, रंग यातलं काही न बघता एवढंच विचारतात, "हितं गाडी वळती का?" मला बघायला आले तेव्हा मी सिव्हिल इंजिनिअर आहे हे ऐकून त्यांनी विचारलं होतं, "येरमाळ्याकडं जातानाचं ते वाकडं वळण तुमी काढलं का?" मी नाही म्हटलं. "मग हरकत न्हाय," ते म्हणाले, आणि सोयरीक जमली.

साखरेपायी त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, तेव्हा घरातले सगळे हबकून गेले होते. काका शुद्धीवर आले, पांघरुणाकडे बघितलं आणि म्हणाले, "क्लचचा पाय गेला. आता आटोमॅटिक." चाकाची खुर्ची आली तशी त्यांनी तिला स्कूटरचा आरसा बसवला, सायकलची घंटी लावली आणि पाठीवर पांढऱ्या रंगात 'अंतर ठेवा' असं लिहून घेतलं. टायर भरीव रबराचे, तरी रोज सकाळी अंगठ्याने दाबून हवा तपासायचे. पण गाडी जायची कुठं? घर भाड्याचं, वरच्या मजल्यावरचं. जिना एवढा अरुंद की खुर्ची उतरवायला दोन दांडगे गडी आणि काकूंचा आरडाओरडा लागायचा. आठ महिने ते दवाखाना सोडून खाली उतरले नाहीत. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. "हा थर्डवरच चढवतोय, इंजिन मारणार," म्हणायचे.

त्याच सुमारास काकांनी आणि त्यांच्या ओळखीच्या काही निवृत्त मंडळींनी मिळून प्लॉट घेतला. अठरा घरांची इमारत, नकाशा माझ्याकडे. एक दिवस ऑफिसच्या खालून घंटी वाजली. दोन रिक्षावाल्यांकडून घराच्या जिन्यावरून खुर्ची उतरवून घेऊन काका रस्त्यावर हजर. "सूनबाई, तुमीच खाली या. तुमचं हापीस वर हाय." मी शरमून नकाशा घेऊन खाली गेले. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "हे आभाळातनं बघितल्यालं हाय. मी आभाळात न्हाय, खुर्चीत हाय. जमिनीवर काढा."

म्हणून मी प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने एका घराचा नकाशा खऱ्या मापात आखला. पुढे गेट, पाच पायऱ्या, हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम. काका फाटकातून शिरले आणि पहिल्याच पायरीच्या रेषेपाशी ब्रेक लावून थांबले. "प्रवास संपला," ते म्हणाले. मी म्हटलं, "समजा चढलात." समजून चालून ते बाथरूमपर्यंत गेले. दोन फुटी दाराच्या रेषा चाकांनी दोन्ही बाजूंनी पुसल्या. आत शिरून वळायला गेले तर न्हाणीची भिंत पडली, संडास पडला, शेजाऱ्याचं स्वयंपाकघरही थोडं पडलं. "सूनबाई," ते हळूच म्हणाले, "टर्निंग बसलं पाहिजे." इतकी वर्षं मी तेच दोन फुटी दार काढत आले होते. कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मी रॅम्प आणि रुंद दारांसाठी नकाशा बदलायला घेतला, पण सभासदांची संमती हवी होती. सगळ्यात मोठी हरकत एका निवृत्त हेडमास्तरांची. "रॅम्पपायी एका गाडीचं पार्किंग जाणार. अठरा घरांत खुर्ची एकच. शिवाय बिल्डिंगला दवाखान्याची कळा येईल." काकांनी वाद घातला नाही. रविवारी सकाळी सगळ्यांना प्लॉटवर बोलावलं आणि स्वतः एका स्टुलावर बसून खुर्ची पुढं केली. "गुरुजी, बसा की. तिकीट न्हाय." गुरुजी बसले, बाथरूमच्या रेषेवर अडकले, हसत उठले. "पण मला चालता येतं हो."

तेव्हा त्यांच्या मागं पदर सावरत उभ्या असलेल्या त्यांच्या बायको पुढं झाल्या आणि काही न बोलता खुर्चीत बसल्या. हॉल ओलांडला, बाथरूमच्या दारात अडकल्या, आणि उठल्याच नाहीत. "अगं, ऊठ आता," गुरुजी म्हणाले.

"मागं मी न्हाणीत पडले होते," बाई खालीच बघत म्हणाल्या. "तुम्हांला सांगितलं न्हाय. म्हटलं, गुडघं माझं, बोलणी कशाला खाऊ. दाराला धरायला जागा न्हाय की आत वळायला. आता रोज भ्या वाटतंय."

गुरुजींनी खिशातून रुमाल काढला, तो तसाच परत ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, दार किती रुंद लागेल?"

दार तीन फुटांचं झालं, बाहेर उघडणारं, आणि आत खुर्ची वळेल एवढी जागा. जोतं अडीच फुटांवरून दीडवर आणलं, म्हणजे फूटभर चढाला बारा फूट लांबी या हिशेबाने नकाशात अठरा फुटांत रॅम्प बसला. लिफ्ट जिन्याच्या मधल्या टप्प्यावरून न सुटता थेट तळमजल्यावरून निघाली. ठेकेदाराने आमची नजर चुकवून रॅम्प दहा फुटांत उरकला, त्या दिवशी काका खडीच्या ट्रकसमोर खुर्ची आडवी लावून बसले. "साहेब, बाजूला घ्या," ठेकेदार म्हणाला. "घेतो की. आधी ती घसरगुंडी फोडा." संध्याकाळच्या आत ती फुटली.

बुद्धवंदना झाली, तळमजल्यावरच्या नव्या घरात काका-काकूंचं सामान लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा मला फोन, "हे घरात न्हाईत!" मी धावत गेले. लिफ्ट बघितली, गच्ची बघितली, गुरुजींकडे विचारलं. तासाभराने काका फाटकातून आत आले, कपाळावर घाम, चाकांना धूळ. स्टँडसमोर जुन्या मित्रांबरोबर बसून आले होते.

"कुणाला सांगून तरी जायचं की हो!" मी जरा रागानेच म्हटलं.

"सांगायला लागत न्हाय, म्हनूनच तर गेलतो," ते म्हणाले आणि रॅम्प चढून आत गेले.

काकांना उचलायचं, कुणाला तरी हाका मारायच्या, जिन्यात खुर्ची धरायची, यातलं काकूंना त्या दिवशी काहीच करावं लागलं नव्हतं. त्या पायरी नसलेल्या उंबऱ्यापाशी टेकल्या आणि आपले दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवून बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मीही त्यांच्या शेजारी बसले.