रक्तातलं यीस्ट आणि सुमनताई

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात रुग्ण तपासत होतो. हर्सूलच्या घरी, सकाळचा चहा घेता घेता हृदय बंद पडलं... त्याला आता दीड महिना झाला. आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या. मी मात्र त्यांना माझ्या शिक्षकांतच धरतो.

त्याला कारण करमाडच्या शेवंताबाई. तेव्हा मी अगदी नवखा डॉक्टर. बाईंचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं, मानेतल्या मोठ्या शिरेत नळी, अन्नही तिच्यातूनच. भारी अँटिबायोटिक्स देऊनही ताप हटेना. जंतू वाढतात का ते पाहायला रक्त बाटल्यांत भरून खाली पाठवलं, तर त्यातल्या एका बाटलीत यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार, वाढल्याचं सुमनताईंनी फोनवर कळवलं. "एकाच बाटलीत ना? रक्त काढताना कातडीवरचं आलं असेल," म्हणत मी फोन ठेवून दिला.

पाचव्या मिनिटाला ताई वॉर्डात, जिना चढून धापा टाकत. "डॉक्टर, काही जंतू कातडीवरून येतात, मान्य. पण रक्तात यीस्ट दिसलं की ते खरंच धरायचं, बाटली एक असो नाय तर चार. आज औषध नाय गेलं तर बाई हातची जाईल."

सगळ्या नर्ससमोर! राग आलाच. तरी त्यांच्यामागं खाली गेलो, सूक्ष्मदर्शकात पाहिलं. अंकुर फुटलेल्या जांभळ्या गोल पेशी, यीस्टच. वरिष्ठांना कळवलं. तासाभरात बुरशीवरचं औषध सुरू झालं, यीस्ट जिच्यावर ठाण मांडतं ती मानेतली नळीही काढली. हे यीस्ट डोळ्यांतही उतरतं म्हणून डोळे तपासून घेतले. चौथ्या दिवशी ताप गेला. रक्त स्वच्छ आल्यावरही दोन आठवडे औषध चाललं.

घरी जायच्या दिवशी शेवंताबाई स्वतःच्या पायांनी प्रयोगशाळेत आल्या. "तुमी मला पाह्यलं बी नव्हतं, मंग कसं वळखलं वो?"

"तुमचं रक्त पाह्यलं व्हतं ना, बाई."

मी पुढं एकदा विचारलं, पुन्हा फोन का नाही केला? ताई म्हणाल्या, "तुम्ही तो ठेवला होता, डॉक्टर."

त्यानंतर यीस्टचा एकही रिपोर्ट मी बाजूला सारला नाही. परवाही एक आला, तसाच खाली गेलो. ताई ठेंगण्या, सूक्ष्मदर्शकासमोरच्या त्यांच्या स्टुलाची उंची अजून कुणी वाढवलेली नाही. मीही नाही वाढवली. गुडघे दुमडून बसलो आणि पाहू लागलो.