हापपास्ट बाई

आमच्या बाई मराठी बोलायला लागल्या की पारावर बसलेल्यांना ऐकू जायचं, आणि इंग्रजी बोलायला लागल्या की फक्त त्यांच्या पदराला. इंग्रजी वाक्य आलं की डावा हात आपोआप वर जाई, पदर तोंडावर येई आणि त्याच्या आडून ‘व्हॉट इज द टाइम?’ दबकत बाहेर पडे. आम्हा पोरांना वाटायचं, इंग्रजी बोलायची रीतच तशी असणार. त्यामुळे उत्तर देताना आम्हीही तोंडावर पाटी धरायचो.

पाटोद्यापासून आत आमचं गाव, शाळेला दोन शिक्षक. पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी हात वर केले आणि ते लोढणं बाईंच्या गळ्यात पडलं. बाईंचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना उभं करून इंग्रजीत काहीतरी बोलायला लावलं होतं आणि लोक हसले होते, असं त्या एकदा बोलता बोलता बोलून गेल्या. म्हणून आमच्या वर्गात एक कायदा होता. दुसऱ्याच्या चुकीला जो हसेल, पुढचं उत्तर त्याने द्यायचं. ‘चुकलं तर चुकलं. घड्याळ कुठं पळून चाललंय?’ असं त्या म्हणायच्या.

घड्याळाचा धडा मात्र त्यांचा जीव की प्राण. इतर इंग्रजीला त्या बिचकायच्या, पण घड्याळ निघालं की अंगात वारं शिरायचं. ‘सव्वा म्हणजे क्वार्टर पास्ट, पावणे म्हणजे क्वार्टर टू, साडे म्हणजे हाफ पास्ट. साहेबानं काही नवं केलं नाही, आपलंच उलटंपालटं करून आपल्याला विकलंय.’ या हिशेबाने हाफ पास्ट वन म्हणजे साडेएक झालं आणि पोरं घरी जाऊन साडेएक म्हणू लागली. एक म्हातारी काठी टेकत शाळेत आली आणि म्हणाली, ‘बाई, आमच्यात दीड म्हणत्यात. पोराला कामून बिघडवता?’ तेव्हापासून गाव त्यांना हापपास्ट बाई म्हणू लागलं. बाईंना ते नाव ठाऊक होतं आणि, मला वाटतं, आवडतही होतं.

शाळेचं खरं घड्याळ मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुलपात असायचं. वर्गासाठी बाईंनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापून घड्याळ केलं होतं. लांब काटा लाल, बारका काटा निळा, आणि दोन्ही मधोमध कोटाच्या बटणाने शिवलेले. साडेतीन दाखवायचे तर निळा काटा बरोबर तीनवर ठेवायचा आणि लाल सहावर. ‘हाफ पास्ट थ्री!’ आम्ही छप्पर उडेल असं ओरडायचो. वर्षानुवर्षं पोरं त्या पुठ्ठ्यावर शिकून पुढे गेली. गावाची वेळ चालायची ती पाटोद्याच्या एसटीवर आणि विहिरीवरच्या मोटारीला लाईट कधी येते त्यावर. त्यामुळे कुणाला काही खटकायचं कारणच नव्हतं.

मी चौथीत असताना शेजारच्या मोठ्या गावात शिक्षण परिषद भरली. आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमायचे तीच ही. आदर्श पाठ घ्यायचा मान त्या वेळी बाईंना मिळाला. मान कसला, केंद्रप्रमुखांनी चिठ्ठी टाकली आणि बाई सापडल्या. आठ दिवस त्यांना जेवण गोड लागलं नसेल. आम्हा पाच पोरांना घेऊन त्या जीपने निघाल्या, मांडीवर पिशवीत ते पुठ्ठ्याचं घड्याळ.

पाठ मात्र फक्कड झाला. बाई विचारतायत, आम्ही ठोकून उत्तरं देतोय, शिक्षक माना डोलावतायत. बाईंचा पदर तर तोंडावरून कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नाही. केंद्रप्रमुख खूश होऊन म्हणाले, ‘वा, बाई! आता जरा भिंतीवरच्या घड्याळात विचारा.’

भिंतीवर साडेअकरा वाजले होते. बाईंनी बोट केलं. बाकीची चौघं माझ्याकडे बघू लागली. मी हुशार. मी नीट बघितलं, तर लांब काटा सहावर, पण बारका काटा ना अकरावर, ना बारावर, मध्येच कुठेतरी लटकलेला. मी छाती काढून सांगितलं, ‘बाई, हे घड्याळ बिघडलंय. बारका काटा ढिल्ला झालाय. आकड्यावरून घसरलाय.’

सभागृह जे हसत सुटलं! एक गुरुजी तर बाक बडवत होते. बाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या पुठ्ठ्याकडे. मग दोन बोटांनी निळा काटा हळूच अकरा-बाराच्या मध्ये सरकवला. ‘घड्याळ बरोबर आहे, हमीदा,’ त्या म्हणाल्या. ‘मी चुकले.’ हसणं थांबेना. तिथे आमचा कायदा चालत नव्हता.

परतीच्या जीपमध्ये बाई पिशवीचं तोंड आवळून बसल्या. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ती स्वतःची नसून दुसऱ्याची असली की जास्त चावते हेही. दुसऱ्या दिवशी मी पोट दुखतंय म्हणाले आणि अब्बांच्या गाड्यामागे जाऊन बसले. अब्बा फाट्यावर सीताफळं विकायचे. दुपारी बाई तिथेच आल्या. हातात भिंतीवर लावायचं एक नवंकोरं घड्याळ.

अब्बा घाईने उठले. ‘बाई, लेकरू हाय. बोलून गेलं. मनावर घिऊ नका.’

‘ती बोलली म्हणून तर मला कळलं, भाई,’ बाई म्हणाल्या. ‘आजवर जेवढी पोरं शिकवली तेवढ्यांना मी चुकीचं घड्याळ दिलं. आता दसरा झाला, टोळ्या ऊस तोडायला निघतील. त्याआधी ज्यांना गाठता येईल त्यांना गाठते. हिला पाठवता का सोबत?’

मला का नेत होत्या ते मी आजही नक्की सांगू शकत नाही. माझी लाज जावी म्हणून असेल. पण मला ती दारोदार दुप्पट होत होती. बाई उंबऱ्याशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, ‘बाळा, घड्याळ मी तुला चुकीचं शिकवलं होतं. हे बघ.’ मग घड्याळ उलटं करून मागची चावी फिरवायच्या, सुलटं करून दाखवायच्या. ‘मोठा काटा फिरला की बारकाही चालतो. साडे वाजले की तो मध्ये असतो.’ मिसरूड फुटलेली पोरं खाली बघून हसू दाबायची. कुणी चहा पाजायचं. एक बाप्या म्हणाला, ‘बाई, आमच्यात घड्याळच न्हाई, तर चुकंल कशात?’ मला वाटायचं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाई मात्र पुढच्या दाराला.

मंगल त्यांची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी. शाळा सुटून तिचं लग्नही झालं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या आणि बोचक्यांच्या ढिगावर बसली होती, ट्रॅक्टर सुरू झालेला. बाईंनी खालून दोन्ही हातांनी घड्याळ वर धरलं आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडून सगळं सांगितलं. मंगल खळखळून हसली. ‘आवं बाई, उसाच्या फडात मला इंग्रजीत टाइम कोण इचारतंय? मुकादम शिट्टी वाजवतो, आमी उठतो!’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला ते खरंच लई गमतीचं वाटलं होतं.

बाईही हसल्या, हात हलवला. परत येताना ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसल्या. बराच वेळ घड्याळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हमीदा, मला वाटत होतं, माझी पोरं जगात कुठंकुठं चुकत असतील, लोक त्यांना हसत असतील. रात्रभर डोळा लागला नाही. पण त्यांना कुणी विचारलंच नाही गं.’ आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. इंग्रजी न बोलता पदर लावताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. बाकीची घरं आम्ही दुसऱ्या दिवशी केली.

मी पुढे शिकले. परळीला एका इंग्रजी शाळेत शिकवते आणि दिवसभर इंग्रजीच बोलते. बाई बदल्यांच्या फेऱ्यात चार गावं फिरून शेवटी पुन्हा आमच्याच शाळेवर आल्या. गेल्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. कारखान्यांचा पट्टा पडला होता, उसाचं गाळप संपून टोळ्या परतल्या होत्या, त्यामुळे निरोपाला मांडव भरला. मला पुढे, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. भेटी म्हणून गावाने अर्थातच घड्याळं दिली, एक नाही, चांगली सात-आठ. मांडवभर हशा.

बाई बोलायला उठल्या. मग त्यांनी त्यातलंच एक चालू घड्याळ उचलून वर धरलं. डावा हात सवयीने वर गेला. पदराआडून आवाज आला, ‘व्हॉट इज द टाइम?’

मोठमोठी माणसं माना खाली घालून बसली. मला उत्तर येत होतं, आणखी कुणाला येणार? पण शेजारी साहेब मंडळी गालात हसत होती. मला परिषदेतलं ते बाक बडवणं ऐकू आलं. बाईंची नजर एकदा माझ्यावर येऊन पुढे गेली. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

मागून, बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी उठलं. डोक्यावर पदर, हात उसाच्या पात्यांनी चिरलेले, कडेला लेक. मंगल.

‘हाप पास्ट...’ ती अडखळली. ‘हाप पास्ट इलेवन. बारका काटा मधी हाय, बाई.’

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी पदर सोडला, आणि पारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘करेक्ट!’

शाळा सुटल्यापासून मंगलला कुणीतरी पहिल्यांदा इंग्रजीत वेळ विचारली होती. ती लेकीकडे बघून लाजली आणि पटकन खाली बसली. सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण मान वर करून नाही.