सही राहिलेली चिठ्ठी

शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझी ओपीडी चालू होती. फोन त्यांच्या मुलीचा. "मॅडम, आई गेली हो सकाळी." अशा वेळी बोलायचं ते सगळं मी बोलले, फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही, हायसं वाटलं. ती गोष्ट माहीत असणारं आता कुणी उरलं नाही, हा विचार आधी आला. दुःख मागून आलं... याला दीड महिना झाला. मनात वागवून वागवून दमले आहे, म्हणून लिहिते.

शोभाताई सिटी स्कॅन काढायच्या. नव्वदच्या दशकात गंगापूर रोडला ते मशीन नवं नवं आलं होतं आणि इंदिरानगरात माझं प्रसूतिगृहही नवंच होतं. ठेंगण्या, आवाज खणखणीत, पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम आल्याच्या वड्या. घाबरलेल्या बायांना म्हणायच्या, "बोगद्यात नाही घालत बाई तुला, नुसतं डोकं आत न्यायचंय." आणि प्रत्येकीला पहिला प्रश्न ठरलेला, "किती दिवसांपासून दुखतंय?"

चांदवडची एक मुलगी माझ्याकडे बाळंत झाली. दहाव्या दिवशी सासू तिला घेऊन आली; डोकं ठणकतंय म्हणाली. कान फडक्याने घट्ट बांधलेले. सासू म्हणाली वारा लागलाय, आणि मी, शिकलेली डॉक्टर, मनातल्या मनात तेच म्हणाले. बाळंतिणीचं डोकं दुखायचंच, जागरणं होतात, असं सांगून गोळी दिली. धड रक्तदाबही पाहिला नाही. तीन दिवसांनी ती आली ती उलट्या करत, अर्धवट शुद्धीत. मी स्वतः तिला घेऊन स्कॅनला गेले. जाण्याआधी चिठ्ठी लिहिली आणि तीत लिहिलं, 'डोकेदुखी आजपासून'. नाव जाईल, या भीतीने लिहिलं. दुसरं कारण नव्हतं.

टेबलावर घेताना सासू आडवी आली. "फडकं सोडू नका, लय वारा हाय हितं!" एसी जोरात चालू होता, म्हातारीचं चुकत नव्हतं. मी वैतागले. शोभाताईंनी फक्त फडक्याला टोचलेली सेफ्टी पिन काढली आणि फडकं तसंच ठेवलं. "कापडाचं काही नाही आजी, लोखंड तेवढं नको." मग नेहमीचा प्रश्न. सासूने माझ्याकडे हात केला. "तीन दिस झाले. ह्या बाईंनीच तर गोळी दिली व्हती."

शोभाताईंनी चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. 'आजपासून'वर रेघ मारून वर 'तीन दिवस' लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "मॅडम, इथे सही लागेल तुमची. किती दिवसांचं आहे ते आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांना फोटो वाचताना लागतं." मी ऐकलंच नाही असं दाखवून काचेपाशी गेले. पडद्यावर मेंदूत पांढरा डाग उमटला होता, लिंबाएवढा. रक्त असं पांढरं दिसतं... स्कॅननंतर चौथ्या दिवशी ती मुलगी गेली. तीन दिवस आधी पाठवलं असतं तर वाचली असती का, हे मला कुणीही सांगू शकलं नाही.

आठवड्याने शोभाताई स्वतः ती चिठ्ठी घेऊन आल्या. "सही राहिलीय," एवढंच म्हणाल्या, आल्याची वडी हातावर ठेवली आणि गेल्या. कुणाजवळ बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी आठव्या महिन्यातली एक बाई अशीच डोकं धरून आली. पोटातल्या बाळाला किरण लागतील म्हणून घरचे तयार होईनात, आणि माझंही ठरेना. शोभाताईंना फोन केला. "किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं. "आज सकाळपासून," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "मग पाठवा की! फोटो डोक्याचा आहे, पोटाचा नाही. पोटावर शिशाचा एप्रन घालते मी. बाळाला आई लागेलच ना?" तिच्याही मेंदूत रक्तस्राव निघाला. पण वेळेत निघाला. आई आणि मुलगी दोघी वाचल्या.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. शोभाताईंचं डायलिसिस चालू होतं, आवाज पार बसला होता. मी उठले तसा माझा हात धरून म्हणाल्या, "ती चिठ्ठी आहे ना अजून?" म्हटलं, "आहे." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मीही निघाले.

चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होती. कागद पिवळा पडलाय, पण 'तीन दिवस' ही अक्षरं ठळक आहेत, आणि शेजारी त्यांनी माझ्यासाठी सोडलेली जागा. मघाशी तिथे सही केली. खाली तारीख घालताना तेव्हाची घालावी असं क्षणभर वाटलं... मग आजचीच घातली.