बॅगेत ठेवलेला कलश

पत्नी वारल्यावर मी तिच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो. त्याच दुपारी आम्ही उतरलो होतो त्या घरात चोरी झाली.

आम्ही म्हणजे मी आणि मेहुणा, तिचा धाकटा भाऊ. तो चांदवडला कांदा करतो. या मुक्कामालाच त्याची हरकत होती. बहिणीचं माहेर एवढं जवळ असताना भाड्याचा बंगला कशाला, हा त्याचा प्रश्न होता. मला माणसं नको होती, रडणारी तर नकोच. मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागेच्या कडेला असलेला तो बंगला मी फोटो पाहून ठरवला. सुट्टीला येणाऱ्यांसाठी मालकाने टेबलावर वाईन-टेस्टिंगची पत्रकं ठेवली होती. मेहुण्याने आत शिरताच ती पालथी घातली.

दुसरी हरकत कलशाची. तांब्याचा लहानसा कलश, तोंडाला लाल कापड बांधलेलं.

"अस्थी घरात नेत नसतात, दाजी. झाडाला बांधू."

ही रीत मला ठाऊक होती. पण माझी बायको अंधाराला फार भ्यायची. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायला गेले तरी ही खाली, दिवा लावून. मी म्हणालो, "ती बाहेर राहणार नाही." कलश स्वेटरमध्ये गुंडाळून मी माझ्या कातडी बॅगेत ठेवला, आणि बॅग पलंगाशेजारी. मग आम्ही दुसऱ्या दिवशीचे विधी ठरवायला पंचवटीत गुरुजींकडे गेलो.

परत आलो तेव्हा मागच्या दाराची कडी उचकटलेली होती आणि बॅग नव्हती. मेहुण्याची कापडी पिशवी चोराने उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

मेहुणा ओरडला नाही. पलंगावर बसला आणि म्हणाला, "उद्या गुरुजींपुढं काय ठेवायचं आपण?"

पोलीस आला. त्याने बॅगेतला लॅपटॉप लिहिला, घड्याळ लिहिलं. मी अस्थी म्हटल्यावर त्याचं पेन थांबलं. घरात कशा, असं त्याने विचारलं. तेव्हा मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्याची मेहेरबानी.

पोलीस गेल्यावर मी मेहुण्याला उठवलं. चोर कोणीही असो, बॅग उघडल्यावर तो अस्थी घेऊन घरी जाणार नाही, याची मला खात्री होती. कलश जवळपासच असणार. आम्ही बागेच्या कडेने निघालो. मी वेलींच्या बुडाशी, ठिबकच्या नळ्यांमध्ये, पाण्याच्या चारीत शोधत होतो. मेहुणा मान वर करून चालला होता.

त्यालाच दिसला. बांधावरच्या कडुलिंबाला, हात पोचेल अशा फांदीला कलश टांगलेला होता. कापड जागच्या जागी होतं. फांदीला बांधायला माझ्या मोबाइलच्या चार्जरची वायर वापरली होती, चांगले दोन वेढे देऊन.

मेहुणा हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "चोराला कळतं, दाजी."

"त्याची ती कोणी नव्हती," मी म्हणालो. "बाहेर ठेवणं त्याला सोपं होतं."

मेहुण्यानेच गाठ सोडली, वायर माझ्या हातात दिली आणि कलश दोन्ही हातांनी धरून बंगल्याकडे चालू लागला. पायऱ्या चढून व्हरांड्यात थांबला. दार उघडंच होतं. तो आत गेला नाही.

"इथं चालंल?" त्याने विचारलं. "वर छप्पर हाय."

मी दोन खुर्च्या आणल्या. कलश व्हरांड्याच्या खुंटीला टांगला. दिवेलागणीला मेहुण्याने व्हरांड्यातला दिवा लावला आणि तो सकाळपर्यंत मालवू नका, असं मला बजावलं. सकाळी आम्ही तिला गोदावरीत सोडलं.

कलश घरात ठेवला, यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. मेहुणाही आपलं म्हणणं सोडत नाही. दिवाळीला तो येतो तेव्हा आम्ही त्यावर पुन्हा वाद घालतो.

बॅग, लॅपटॉप, घड्याळ काही मिळालं नाही. चार्जर आहे. मी तो रोज वापरतो.